कमळाची पाणपोई

सरांनी माझी मुलाखत घेतलीच नाही. जयपूरच्या जुन्या शहरात, परकोट्याच्या म्हणजे तटाच्या आत, एका धर्मशाळेच्या पायरीवर त्यांनी मला बसवलं, "बैठिए, मैं आता हूँ" म्हणाले आणि गेले ते दुपार कलल्यावर उगवले. डब्यातली पोळीभाजी मी तिथंच खाल्ली. नवऱ्याची रेल्वेत भुसावळहून इकडं बदली झाली होती, माझा सिव्हिलचा डिप्लोमा पेटीत पडून होता आणि उठून गेले असते तर जगतपुऱ्याच्या घरी जाऊन भांडीच घासायची होती. म्हणून बसले.

आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कौन-कौन आया?"

मी सांगितलं. एक गाय आली, तिला समोरच्या बाईनं पोळी दिली. दोघांनी स्कूटर सावलीला लावली. एक म्हातारा बसून विडी ओढून गेला. आणि उतरताना जो तो डाव्या हाताच्या खांबाला धरतो. तो खांब हलतोय. बाकीचं काहीही करा, पण तो आधी बांधून घ्या, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर येईल.

"कल से आ जाइए," ते म्हणाले. मग नाव विचारलं, गाव विचारलं. नाव त्यांनी तिथल्या तिथं टाकून दिलं. "भुसावलजी," असं एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि मी भुसावलजी झाले ते कायमची. सगळ्यांनाच ते गावावरून हाक मारत. आमचा नकाशे काढणारा टोंकजी होता, चहावाला दौसाजी. माणसाचं नाव आईबाप हौसेनं ठेवतात, त्यावरून काहीच कळत नाही. गाव मात्र कुणी हौसेनं ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पगाराच्या चेकवरही त्यांनी भुसावळच लिहिलं. बँकेनं तो परत पाठवला तेव्हा कुठं त्यांनी माझं खरं नाव दुसऱ्यांदा विचारलं.

सर इतिहासकार होते, पण पुस्तकं लिहिणारे नव्हते. काही वर्षं कॉलेजात शिकवून सोडून दिलं होतं. इतिहास रस्त्यावर असतो आणि आपण त्याची वर्गात हजेरी घेतो, असं ते म्हणत. जुन्या इमारती वाचवायच्या, त्यांच्याबद्दल आसपासच्या लोकांना विचारायचं, जे कळेल ते सोप्या भाषेत पाटीवर लिहून तिथंच लावायचं, हा त्यांचा धंदा. माझ्या सासूबाईंना हे फोनवर समजेना. शेवटी मी सांगितलं, जुन्या घरांचे डॉक्टर आहेत. "मग तपासतात कसे?" सासूबाईंनी विचारलं. जिभेनं, मी म्हणाले, आणि ते खरं होतं. भिंतीचा पोपडा बोटावर घेऊन ते जिभेला लावत आणि सिमेंट की चुना ते सांगत. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही हात धुण्याआधी त्यांनी पॅसेजची भिंत चाखली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिनं स्वयंपाकघरात येऊन मला कानात विचारलं, "आई, मतलब, सरांना भूक जास्त लागली आहे का?"

त्यांच्या पाट्यांचा एक नियम होता. लिहिलेला मजकूर दौसाजीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचन संपेपर्यंत त्यानं चहा गाळायला घेतला तर मजकूर नापास. 'भव्य', 'वैभवशाली', 'अद्वितीय' हे शब्द आमच्या ऑफिसात बंद होते. एका मोठ्या संग्रहालयाच्या समितीवरून सरांना याच कारणानं काढलं होतं. त्यांनी तिथल्या प्रत्येक पाटीवरचा 'भव्य' स्वतः पेननं खोडला होता, काचेच्या आतल्यासुद्धा. काच कशी उघडली हे विचारलं की ते विषय बदलत.

गाइड लोकांशी त्यांचं हाडवैर. एखादा गाइड पर्यटकांना सांगू लागला की इथून एक भुयार थेट आमेरपर्यंत जातं, की सर मागून छत्री उंच करत. पाऊस असो नसो, छत्री बरोबर असेच. "आप गए हैं उसमें?" ते विचारत. गाइड अडखळला की तिथंच उभं राहून त्याला आणि सगळ्या पर्यटकांना खरं काय ते ऐकवत. त्यात अर्धा तास जाई. परकोट्यातले गाइड ती काळी छत्री लांबून ओळखत आणि आपला कळप दुसऱ्या गल्लीत वळवत.

कामाचे त्यांचे मुख्य नियम दोनच. पहिला म्हणजे "पहले बैठो." कुठल्याही जागेला हात लावण्याआधी तिथं बसायचं, कोण येतं, कुठं टेकतं, काय करतं ते पाहायचं. कारण इमारत आपण वाचवतो ती तिच्या सवयीसाठी. सवय गेली तर उरतो तो दगडांचा ढीग. त्यामुळे दुरुस्ती चालू असली तरी जागेचा वापर थांबवायचा नाही. धर्मशाळेत आम्ही काम करत होतो तेव्हा निम्म्या ओसरीत गवंडी आणि निम्म्या ओसरीत यात्रेकरू झोपलेले असत. मला, साइट सांभाळणारीला, त्याचा किती ताप होई ते मलाच ठाऊक. पण सर ऐकत नसत.

दुसरा नियम ते जरा खालच्या आवाजात सांगत: "जहाँ जूते उतरे, वहाँ से इमारत गई." एकदा का लोक बाहेर चपला काढून आत शिरू लागले की ती जागा बघायची झाली, वापरायची उरली नाही. मला हा नियम तेव्हा नुसता विक्षिप्तपणा वाटला होता.

परकोट्यातल्या एका बाजारात एक जुनी पाणपोई आहे. तिकडं प्याऊ म्हणतात. उंच जोत्यावर एक लहानशी दगडी खोली, रस्त्याच्या बाजूला खिडकी. आत पाणी पाजणारी बाई माठ घेऊन बसते आणि लांब चोचीच्या तांब्यातून धार सोडते. खाली रस्त्यावर उभ्या माणसानं ओंजळ तोंडाशी धरायची आणि प्यायचं. भांड्याला तोंड लागत नाही, पेले धुवावे लागत नाहीत. हमाल, रिक्षावाले, साड्या घ्यायला आलेल्या बाया, सगळे तिथं पीत. तिथं बसणाऱ्या बाईला अख्खा बाजार मांजी म्हणे. मांजी तोंडानं फटकळ होत्या. कुणी पाणी पिता पिता फोनवर बोलू लागला की धार त्याच्या मनगटावर सोडत.

सर शाळेत असल्यापासून तिथं पाणी पीत आले होते. बाजाराच्या व्यापारी मंडळानं दुरुस्तीचं काम त्यांच्याकडं दिलं तेव्हा ते इतके खूश झाले की दौसाजीला त्यांनी चहाला साखर जास्त घालायला सांगितली. हे माझं शेवटचं काम, ते म्हणाले. यानंतर ऑफिस बंद करणार होते. गुडघे गेले होते.

सुरुवात नियमाप्रमाणं झाली. आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो, पाहिलं. मांजींना आतच बसू द्यायचं आणि काम भोवतीनं करायचं असं ठरलं. मग खिडकीवरच्या कोनाड्यातला ऑइल पेंट खरवडायला घेतला. एकावर एक किती थर होते देव जाणे, वर जाहिराती चिकटवलेल्या. त्या सगळ्याखाली एक कमळ निघालं. दगडात कोरलेलं नव्हे, चुन्यात घडवलेलं. जयपूरकडं या चुन्याच्या कामाला आरायश म्हणतात. चुना कितीतरी दिवस माठात मुरवायचा, त्यात ताक, गूळ घालायचा, थरावर थर द्यायचे आणि अकीक नावाच्या दगडाच्या गोट्यानं घोटत बसायचं. शेवटी खोबऱ्यानं पुसलं की भिंतीत आपलं तोंड दिसतं. आरायश ही सरांची एकमेव चैन होती. बाकी माणूस दोन सदऱ्यांवर वर्ष काढायचा.

त्या कमळापुढं ते उभे राहिले आणि त्यांचं डोकं कामातून गेलं. शांत माणूस, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. कारण ते म्हणाले, "खिड़की बंद करनी पड़ेगी."

"आणि मांजी?" मी विचारलं.

"सर्दी आ रही है. सर्दी में कौन पानी पीता है?"

चुना ओला असताना त्याला तेलकट हात लागायला नको होते, पाण्याचे शिंतोडे नको होते, हे खरं. पण दुसऱ्या कुणी हेच कारण दिलं असतं तर सरांनी त्याला छत्रीनं टोचलं असतं. "कोनाडा नुसता स्वच्छ करून सोडा," मी म्हणाले. "इतकं चकचकीत केलं तर लोक पाणी प्यायचे नाहीत, फोटो काढतील."

"भुसावलजी, आपमें रस नहीं है."

नाहीच आहे. मी खिडकीला फळ्या ठोकून घेतल्या. मांजी सांगानेरला लेकीकडं निघून गेल्या, जाताना माठ आमच्या ऑफिसात टाकून. आरायश करणाऱ्या उस्तादांनी हिवाळाभर कमळ घोटलं आणि सर स्टूल टाकून समोर बसून राहिले. त्यांना इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं.

होळीनंतर फळ्या काढल्या. कोनाडा, तिकडं त्याला ताक म्हणतात, असा उजळला होता की समोरच्या दुकानातल्या साड्यांचे रंग त्यात दिसत. सर रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, पहिला माणूस कोण पाणी मागतो ते पाहायला. मांजींना निरोप गेला होता, त्या यायच्या होत्या. तोवर आत मीच तांब्या घेऊन बसले होते.

पहिली आली ती बाजाराला आलेली एक बाई. खिडकीखाली थांबली. वर पाहिलं. चपला काढल्या. हात जोडले, डोळे मिटले आणि निघून गेली. मी तांब्या धरून तशीच बसलेली.

पलीकडं पाहिलं तर सरांची छत्री खाली आली होती.

दुसऱ्या दिवशी कमळाला शेंदूर लागलेला होता. मग झेंडू आला, नारळ आला, कुणीतरी खिडकीच्या वर घंटा टांगली. आठवड्याभरात 'कमलवाली माता' असं नावही पडलं. सर तिथं उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "भाई साहब, यह प्याऊ है, पानी पीजिए." पांढरी दाढी, शांत आवाज, लोक त्यांच्याच पाया पडून पुढं जात. मग त्यांनी पाटी लावली: 'यह मंदिर नहीं है. यह प्याऊ है.' सकाळी पाटीला हार घातलेला होता.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष समोरचेच साड्यांचे दुकानदार होते, सगळे त्यांना सेठजी म्हणत. माणूस वाईट नव्हता. ते ऑफिसात मिठाई घेऊन आले. "साहब, आपके हाथ से जगह जाग गई," असं खरोखर मनापासून म्हणाले. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, मंडळ कोनाड्यात देवीची मूर्ती बसवणार होतं आणि खिडकीला पितळी जाळी.

"और पानी?" सरांनी विचारलं.

"पानी का कूलर लगवा देंगे न, उधर नुक्कड़ पर. ठंडा पानी! माता के सामने जूठा पानी गिरे, अच्छा नहीं लगता."

सेठजी गेल्यावर सरांनी मिठाईचा डबा बाजूला सारला. "कमल मैंने बचा लिया," ते म्हणाले, "प्याऊ मैंने मार दिया." खरंच होतं ते.

मांजींना आणायला मीच सांगानेरला गेले. एकदा का खिडकीत धार सुरू झाली की मूर्तीचं प्रकरण आपोआप थांबेल, असा माझा हिशेब. त्या माझ्या स्कूटरवर बसून आल्या, रस्त्यातून कोनाडा पाहिला आणि उतरायलाच तयार होईनात.

"मैं यहाँ बैठ के पानी पिलाऊँ? लोगों का जूठा माताजी के आगे गिरेगा. पाप किसको लगेगा? तेरे साहब को?"

"मांजी, माताजी नाहीत तिथं. चुना आहे."

"चूना है तो तूने चप्पल क्यों उतारी?"

मी खाली पाहिलं. चपला काढलेल्या होत्या. कधी काढल्या, मला समजलंच नव्हतं. मांजींना परत सांगानेरला सोडून आले.

उपाय मला सुचला तो कुंभाराकडं. आखातीज म्हणजे आमची खानदेशातली आखाजी. भुसावळ सुटलं म्हणून आखाजी काही सुटत नाही. दरवर्षी मी नवी घागर आणते, पाण्यानं भरते, तिच्यावर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवते. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. पितरांसाठी पाणी भरायचं, असा तो सण. मी घागर टिचकी मारून पारखत होते आणि एकदम वाटलं, लोकांना तिथं हातच जोडायचे आहेत ना? मग घागरीला जोडू देत. घागरीची पूजा केली की पुढं पाणी पाजावंच लागतं.

घागर घेऊन मी थेट ऑफिसात गेले आणि सरांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते उठून उभे राहतील.

"नहीं," ते म्हणाले.

"का?"

"यह यहाँ का रिवाज नहीं है. आखातीज पर घड़े का दान यहाँ भी करते हैं. लेकिन ताक में घड़ा रखकर पितरों की पूजा? वह आपके यहाँ की है. मैं सारी उम्र इन गाइडों से लड़ा कि जो हुआ नहीं वह मत बताओ. अब मैं खुद एक परंपरा बनाऊँ? अपने प्याऊ पर?"

"बनवत कोण आहे? मी दरवर्षी ही पूजा करते. खरीखुरी आहे. यंदा फक्त पत्ता बदलतेय."

"इतिहास ऐसे ही बिगड़ता है, भुसावलजी. पता बदलने से."

"आणि पाणपोई कशानं बिघडली?"

हे मी जरा जोरात म्हणाले असेन. दौसाजी चहा घेऊन आला होता, तो दारातूनच परत गेला. सर घागरीसमोर बसून राहिले. पहले बैठो. मी माझी कामं काढली, दोन फोन केले, टोंकजीच्या नकाशातल्या चुका काढल्या. निघायच्या वेळी ते म्हणाले, "ठीक है. लेकिन बोर्ड मैं लिखूँगा. और उसमें सच लिखूँगा."

"लिहा की. मी कुठं नको म्हणतेय?"

आखाजीला बाजार उघडायच्या आत आम्ही तिथं पोहोचलो. घागर मी स्कूटरवर दोन पायांत धरून जगतपुऱ्याहून आणली होती. सरांनी कोनाडा स्वतः पुसला, शेंदूर मात्र राहू दिला. मी घागर ठेवली तर ती सरकू लागली.

"तुमच्या आरायशीवर काही टिकत नाहीये," मी म्हणाले.

सरांनी खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. त्याची चुंबळ करून खाली घातली, मग घागर बसली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. खिडकीच्या उंबऱ्यावर मी कुंकवाची बोटं ओढायला घेतली. सासऱ्यांचं, वडिलांचं, मोठ्या जावेचं. सर वाकून पाहत होते.

"एक और खींचिए," ते म्हणाले. "जिसने यह कमल पहली बार बनाया था."

"नाव काय त्याचं?"

"मालूम नहीं. किसी ने लिखा नहीं."

"बिननावाचं बोट ओढत नाहीत आमच्यात."

"तो रिवाज में इतना तो बदल लीजिए. बाकी सब तो आपने बदल ही दिया है."

मी ओढलं.

तेवढ्यात सेठजी मंडळाची चार माणसं आणि ढोल घेऊन आले. मूर्ती लाल कापडात गुंडाळलेली होती. घागर पाहून ढोल थांबला.

"यह क्या है, बहनजी?"

"आमच्याकडची आखाजी आहे, सेठजी. पितरांचं पाणी भरलंय. ही आमच्या घरच्यांची बोटं."

सेठजींनी घागर पाहिली, बोटं पाहिली. पितरांची घागर उचलून बाजूला ठेवा असं म्हणायची त्यांची छाती होईना. माझा भरवसा याच गोष्टीवर होता. पण त्यांनी पुढं जे केलं ते माझ्या हिशेबात नव्हतं. ते खिडकीजवळ आले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले, "एक पिताजी के नाम की भी लग सकती है?"

"नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. मी बोट ओढलं. मग मूर्ती धरलेल्या माणसानं ती बगलेत घेऊन आपल्या आईचं नाव सांगितलं. दुकानं उघडत होती. पानवाला आला, हमाल आले. नावांना ऊत आला. उंबरा भरला तशी मी खालच्या दगडावर ओढू लागले. कुंकू संपलं, ते सेठजींच्या दुकानातून आलं.

"आगे क्या करना होता है?" सेठजींनी विचारलं.

"आता हे पाणी पाजायचं. पितरांच्या नावानं, तहानलेल्या माणसाला."

"माता के सामने?"

मी उत्तर देणार तोच मागून आवाज आला, "पितरों के पानी में जूठा नहीं लगता." मांजी उभ्या होत्या. सरांनी पहाटेच टोंकजीला सांगानेरला पाठवलं होतं, मला न सांगता. हा नियम कुठं लिहिलाय ते सरांनी त्यांना विचारलं नाही. सरांच्या दृष्टीनं ती मोठीच तडजोड होती. मांजींनी आधी आपल्या नवऱ्याच्या नावाचं बोट ओढवून घेतलं, मग पदर खोचला, खिडकीत चढल्या आणि म्हणाल्या, "झारी कहाँ रखी है? और यह घंटी हटाओ, सिर में लगती है."

पहिली ओंजळ सेठजींनी धरली. मूर्ती त्यांच्या दुकानात गल्ल्यामागं बसली, ती तिथं अजून आहे. पितळी जाळीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. लोक पाणपोईशी अजूनही चपला काढतात, पण ओंजळही धरतात. सरांनी आपला नियम त्याप्रमाणं बदलला का, ते मी विचारलं नाही.

पाटी त्यांनी दुसऱ्या दिवशी लावली. दौसाजीला वाचून दाखवली तेव्हा त्याचा चहा उतू गेला, म्हणजे पास. पाटीवर असं लिहिलं होतं: 'यह प्याऊ है. पानी पीजिए. आखातीज पर घड़े का दान यहाँ पुराना है. ताक में घड़े की पूजा नई है, भुसावल की एक महिला लाई. कमल किसने बनाया, मालूम नहीं.' ऑफिस मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणं बंद केलं. मी एका बिल्डरकडं लागले. तिथं कुणी भिंती चाखत नसे.

नंतरही दर आखाजीला घागर मीच नेत होते. मग बाजाराची स्वतःची येऊ लागली, माझ्या घागरीपेक्षा मोठी. नवऱ्याची परत बदली झाली तेव्हा जायच्या आधी मी सरांना घेऊन तिथं गेले. गुडघ्यांमुळं ते आता माझ्या हाताला धरून चालत, दुसऱ्या हातात छत्री. ऊन कडक होतं. खिडकीसमोर एक तरुण गाइड पर्यटकांना घेऊन उभा होता, पाटीकडं पाठ करून.

"राजाओं के ज़माने से," तो सांगत होता, "इस ताक में आखातीज को घड़ा रखा जाता है. महारानी खुद आती थीं, अपने पितरों के नाम का टीका लगाने."

मी सरांकडं पाहिलं. छत्री माझ्याकडं देऊन ते पुढं झाले. आता अर्धा तास गेला, माझ्या मनात आलं, आणि संध्याकाळी सामान बांधायचं आहे. गाइडनं त्यांना ओळखलं. त्याचं बोलणं थांबलं, चेहरा उतरला.

सर खिडकीखाली वाकले आणि ओंजळ तोंडाशी धरली. मांजींनी धार सोडली. बोलायचं असतं तर तोंड काढावं लागलं असतं आणि पाणी सांडलं असतं. ते पीत राहिले. गाइडनं थोडी वाट पाहिली, मग दबक्या आवाजात महारानीचं पुढं चालू केलं. सर पीत राहिले, पाणी कोपरावरून ओघळेपर्यंत. मग त्यांनी मान हलवून पुरे म्हटलं, ओला हात दाढीवरून फिरवला आणि छत्रीसाठी माझ्याकडं हात पुढं केला.

"चलिए, भुसावलजी," ते म्हणाले. "आपकी गाड़ी छूट जाएगी."

गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी छत्री त्यांच्या हातात दिली.